पिट्सबर्गची माणसं : आलेली, गेलेली, राहिलेली



आज तुम्हाला माझ्या गावाची गोष्ट सांगणार आहे. मिरजेजवळच्या गावाची नव्हे, त्याच्याबद्दल बोलायला लागलो की घरचेही उठून जातात. आजचं गाव आहे पिट्सबर्ग. इथे येऊन मला अठरा-एकोणीस वर्षं झाली, आणि त्याला 'माझं गाव' म्हणायला त्यातली निदान दहा वर्षं गेली.

तुमच्यापैकी पुष्कळजण न्यू जर्सीत, डॅलसला, बे एरियात राहत असाल. तुमच्याकडे दरवर्षी नवी घरं, नव्या शाळा, दिवाळीच्या कार्यक्रमाला नवा आणि मोठा हॉल. माझ्या गावाचं उलट आहे. १९५० च्या जनगणनेत पिट्सबर्ग शहरात ६,७६,८०६ माणसं होती. २०२० च्या जनगणनेत भरली ३,०२,९७१. म्हणजे सत्तर वर्षांत निम्म्याहून जास्त गाव रिकामं झालं! आजूबाजूची उपनगरं धरली तर महानगराची वस्ती सुमारे २३ लाख ७० हजार होते. पण तिथेही कित्येक वर्षं जन्मांपेक्षा मृत्यूच जास्त नोंदले जात होते.

मी आयटी सल्लागार. त्यात एमबीए केलेलं, त्यामुळे सगळ्या गोष्टींचा आलेख काढायची खोड. या शहराच्या लोकसंख्येचा आलेख मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मनात आलं, एखाद्या कंपनीचा हेडकाउंट असा घसरत असता तर मी काय सल्ला दिला असता? सरळ सांगितलं असतं, दुकान आवरा.

आलेख खोटा नव्हता. पण त्याने मला चांगलंच फसवलं. कसं ते सांगतो. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

अ‍ॅलेगेनी आणि मोनाँगहेला या दोन नद्या इथे मिळतात आणि ओहायो नदी सुरू होते. आपल्याकडे असता तर या संगमावर घाट आणि देऊळ झालं असतं. इथे किल्ले झाले. सेनेका, लेनापे, शॉनी या मूळ रहिवाशांचा हा मुलूख. १७५४ मध्ये फ्रेंचांनी संगमावर किल्ला बांधला. १७५८ मध्ये इंग्रज सैन्य जवळ आलं तेव्हा तो त्यांनीच जाळला आणि निघून गेले. इंग्रज सेनापती जॉन फोर्ब्सने विल्यम पिट या इंग्लंडमधल्या मुत्सद्द्याचं नाव जागेला दिलं. मूळ रहिवाशांना पुढे पश्चिमेकडे ढकललं गेलं. त्यांची भाषा आता उरली आहे ती मुख्यतः नद्यांच्या नावांत.

डोंगरात कोळसा आणि दाराशी नदी, त्यामुळे इथे आधी काच आणि लोखंड आलं, मग पोलाद. स्कॉट, आयरिश आणि जर्मन माणसं पोटापाण्यासाठी आली. त्यातच १८४८ मध्ये स्कॉटलंडच्या डनफर्मलिनहून एक विणकर कुटुंब आलं. वाफेच्या मागांनी हातमाग बसवले, घरात खायची भ्रांत पडली, म्हणून निघालेलं. इचलकरंजी-सोलापूरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. त्यांचा बारा वर्षांचा मुलगा सूतगिरणीत आठवड्याला एक डॉलर वीस सेंटवर कामाला लागला. त्याचं नाव अँड्र्यू कार्नेगी. १८७५ मध्ये ब्रॅडक इथे त्याचा पोलादाचा कारखाना सुरू झाला. तो आजही चालू आहे.

कार्नेगीचं नाव आज ग्रंथालयांवर, संग्रहालयावर आणि विद्यापीठावर आहे. पण १८९२ मध्ये होमस्टेडच्या त्याच्याच कारखान्यात कामगारांना टाळं लावलं गेलं. खासगी शिपाई नदीतून पडावांवर बसवून आणले. ६ जुलैला दोन्ही बाजूंनी गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसं मेली, आणि कुशल कामगारांची संघटना मोडली. त्यानंतर पोलादाच्या भट्ट्यांवर कामाला आले ते पूर्व आणि दक्षिण युरोपातले शेतकरी. स्लोव्हाक, पोलिश, क्रोएशियन, रुसिन, हंगेरियन, इटालियन. इंग्रजी येत नाही, हातात कला नाही, पाठीशी कोणी नाही. यातल्या पूर्व युरोपातल्या लोकांना मिळून 'हंकी' असं एकच हेटाळणीचं नाव होतं.

त्यांचं जगणं कसं होतं याची नोंद आहे. १९०७-०८ मध्ये अभ्यासकांचा एक गट इथे उतरला आणि त्याने शहराची पाहणी केली. ती 'पिट्सबर्ग सर्व्हे' म्हणून प्रसिद्ध आहे. त्यातल्या क्रिस्टल ईस्टमन या तरुण वकील बाईने एका वर्षातले कामावरचे अपघाती मृत्यू मोजले. १ जुलै १९०६ ते ३० जून १९०७ या बारा महिन्यांत, एका अ‍ॅलेगेनी काउंटीत ५२६ माणसं कामावर मेली. दिवसाला एकाहून जास्त! मार्गारेट बायिंग्टन या दुसऱ्या अभ्यासक बाई होमस्टेडमध्ये घरोघरी फिरल्या. बारा तासांची पाळी. दर दुसऱ्या आठवड्याला दिवसपाळी-रातपाळीची अदलाबदल, आणि त्या दिवशी सलग चोवीस तास काम. एका खोलीत अनेक गडी. दिवसपाळीचा उठून गेला की त्याच बिछान्यावर रातपाळीचा येऊन झोपायचा. घरातली बाई सगळ्यांचं रांधायची आणि कपडे धुवायची.

गिरणगावात ज्यांचे आजोबा राहिले, त्यांनी जरा आठवून पाहा. गावकीचा गाळा, पाळीप्रमाणे झोपणं, खाणावळवाल्या मावशी. माझे आजोबा लालबागला असेच राहिले होते. हे मी घरी ऐकलं होतं, पण पिट्सबर्गमध्ये वाचलं तेव्हा कुठे ते मला नीट समजलं.

पिट्सबर्ग आणि मुंबई यांच्यात एक धागा याहून थेट आहे. १९०२ मध्ये जमशेटजी टाटा अमेरिकेत पोलादाचा अभ्यास करायला आले, तेव्हा पिट्सबर्गलाही आले होते. ज्युलियन केनेडी या इथल्या नामवंत अभियंत्याला ते भेटले. पुढे जमशेटपूरच्या कारखान्याचं आरेखन केनेडीच्याच कंपनीने केलं. त्यासाठी १९०७ मध्ये मुंबईत भागभांडवल उभं राहिलं, आणि १९१२ मध्ये तिथे पहिलं पोलाद निघालं. म्हणजे आपण इथे यायच्या साठ वर्षं आधी इथली विद्या आपल्याकडे पोचली होती.

आता जरा माझ्या घरमालकिणीबद्दल. मी पहिल्यांदा आलो तेव्हा होमस्टेडला लागून असलेल्या मनहॉलमध्ये एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतला होता. भाडं कमी होतं, हे मुख्य कारण. खाली ऐंशीच्या घरातल्या स्लोव्हाक वंशाच्या आजी राहायच्या. त्यांचे यजमान होमस्टेडच्या कारखान्यात आयुष्यभर राबले होते. ईस्टरच्या आधी उपवासाच्या दिवसांत दर शुक्रवारी त्या चर्चच्या तळघरात इतर बायकांबरोबर पिरोगी करायला जायच्या. पिरोगी म्हणजे बटाट्याचं सारण भरलेली उकडलेली करंजीच म्हणा. हातही तसाच चालायचा, मुरड घालताना.

एकदा त्यांनी कपाटातून एक जुनी वही काढली. त्यांच्या आजोबांच्या मंडळाची. दर महिन्याची वर्गणी, तारीख, सही. १८९० मध्ये पिट्सबर्गमध्येच नॅशनल स्लोव्हाक सोसायटी स्थापन झाली, आणि १८९४ मध्ये क्रोएशियन लोकांचा संघ नदीपलीकडे अ‍ॅलेगेनी शहरात. गाणं-नाच नंतर आला. आधी होती वर्गणी. कारखान्यात माणूस मेला तर मालक फार थोडं द्यायचा. या वर्गणीतून पेटीचा आणि मातीचा खर्च व्हायचा, आणि विधवेच्या हातात चार पैसे पडायचे. त्यातून पुढे शाळा आल्या, वर्तमानपत्रं आली. १९१८ च्या मे महिन्यात तर चेक आणि स्लोव्हाक पुढाऱ्यांनी नव्या देशासाठीचा करारच इथे केला. त्याला 'पिट्सबर्ग करार' म्हणतात. पण मुळाशी ती वर्गणीची वही होती.

वही मिटताना आजींनी मला विचारलं, "तुमच्या लोकांची अशी सोसायटी आहे का? कोणी गेलं तर कोण बघतं?"

मी हसून म्हटलं, आमचे सगळे शिकलेले आहेत, सगळ्यांचा विमा आहे. आजी काही बोलल्या नाहीत.

हे उत्तर लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

या युरोपीय वस्त्यांबरोबर आणखी एक मोठा समाज इथे आला, तो अमेरिकेच्याच दक्षिणेतून. व्हर्जिनिया, अलाबामा, जॉर्जिया इथले कृष्णवर्णीय लोक. त्यांना कारखान्यात सगळ्यात तापलेलं आणि सगळ्यात घाण काम मिळायचं. १९१९ च्या पोलाद संपात काहींना संप फोडण्यासाठीच आणलं गेलं, आणि मग त्याचा दोषही त्यांच्याच माथी आला. शहराच्या मध्याजवळच्या हिल डिस्ट्रिक्टमध्ये त्यांनी स्वतःचं जग उभं केलं. जॅझचे क्लब, दुकानं, चर्च. इथून निघणारं 'पिट्सबर्ग कुरिअर' हे वर्तमानपत्र रेल्वेतले हमाल आणि परिचर आपल्या सामानातून दक्षिणेत पोचवायचे. नाटककार ऑगस्ट विल्सन याच वस्तीत १९४५ मध्ये जन्मले. त्यांच्या दहा नाटकांच्या मालिकेतली नऊ नाटकं पिट्सबर्गमध्ये घडतात.

१९५० च्या दशकात शहराच्या सुधारणेच्या नावाखाली हिलचा खालचा भाग पाडला. सुमारे आठ हजार माणसं उठवली, चारशेहून जास्त दुकानं-धंदे गेले. जागेवर गोल घुमटाचं एक मोठं क्रीडागृह उभं राहिलं, ते १९६१ मध्ये सुरू झालं. पन्नास वर्षांनी तेही पाडलं. नव्या पाडकामाला अडवण्यासाठी रहिवाशांनी तिथल्या कोपऱ्यावर मोठा फलक लावला होता. त्याचा अर्थ एवढाच, की या रेषेपलीकडे आता हात लावायचा नाही. पुनर्वसन हा शब्द ज्यांनी कोयनेला किंवा नर्मदेकाठी ऐकलाय, त्यांना त्याची चव माहीत असेल.

मग आलं १९८० चं दशक. पोलादाचे कारखाने एकामागून एक बंद पडले. होमस्टेडचा कारखाना १९८६ मध्ये थांबला. १९८२ च्या संपानंतर मुंबईत गिरण्यांचे भोंगे बंद होत होते, जवळपास त्याच वर्षांत इथे मोनाँगहेलाच्या काठच्या भट्ट्या विझत होत्या. आज होमस्टेडच्या जागेवर मॉल आहे. बारा जुनी धुराडी तेवढी ओळीने उभी ठेवली आहेत. लोअर परळला मॉलच्या मागे गिरणीची चिमणी दिसते ना, अगदी तसंच दृश्य.

तरुण माणसं गेली. ह्यूस्टनला गेली, फ्लोरिडाला गेली, कॅलिफोर्नियाला गेली. पिट्सबर्गकर स्वतःच परागंदा झाले, आणि प्रत्येक परागंदा समाज करतो तेच त्यांनी केलं. जिथे गेले तिथे जमायची जागा शोधली. अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या शहरात रविवारी स्टीलर्सच्या सामन्याला पिवळा टॉवेल फिरवणारी मंडळी एखाद्या बारमध्ये सापडतील. आपला गणपती तशी ही त्यांची वारी म्हणा. आलेखात ही माणसं 'वजा' म्हणून दिसतात. गावाशी त्यांची नाळ मात्र तुटलेली नाही.

मागे उरली म्हातारी माणसं आणि रुग्णालयं-विद्यापीठं. शहरातल्या सगळ्यात उंच इमारतीचं नाव आहे यू. एस. स्टील टॉवर, आणि तिच्या माथ्यावर आज अक्षरं झळकतात एका रुग्णालय समूहाची. एवढ्या एका दृश्यात इथलं सगळं अर्थशास्त्र येतं.

आपली माणसं आली ती याच दाराने. १९६५ मध्ये स्थलांतराचा कायदा बदलला. त्यानंतर अभियंते, डॉक्टर, प्राध्यापक इथे येऊ लागले. मनरोव्हिलमधल्या एका जुन्या चर्चच्या इमारतीत त्यांची पूजाअर्चा होऊ लागली. सत्तरच्या दशकाच्या मध्यात पेन हिल्सच्या टेकडीवर व्यंकटेश्वराचं मंदिर उभं राहिलं. ते अमेरिकेतल्या सुरुवातीच्या पारंपरिक पद्धतीच्या मंदिरांपैकी एक. पुढे मनरोव्हिलला हिंदू-जैन मंदिर झालं. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या बेचाळीस मजली इमारतीत प्रत्येक समाजाने आपापली वर्गखोली सजवून दिली आहे. १९३८ मध्ये स्कॉटिश, जर्मन, रशियन आणि स्वीडिश खोल्यांनी सुरुवात झाली. २००० मध्ये तिथे भारतीय खोली आली, नालंदा विद्यापीठाच्या धर्तीवर. पाहुणे आले की मी ती दाखवतो आणि फुकटची फुशारकी मारतो.

आता ते उत्तर. सगळ्यांचा विमा आहे, असं मी आजींना म्हटलं होतं.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी, भर जानेवारीत, आमच्यातल्या एकाचे वडील इथेच गेले. सहा महिन्यांसाठी नातवाला बघायला आलेले. संध्याकाळी छातीत दुखलं, पहाटे सगळं संपलं. विमा होता. त्याच्या कागदावर 'आधीपासूनचा आजार' असे शब्दही होते. बाहेर गुडघाभर बर्फ. आम्ही पाच-सहाजण, सगळे चाळिशीच्या आतले, सगळे मोठमोठ्या प्रकल्पांचे नियोजन करणारे, आणि पुढे काय करायचं हे एकालाही माहीत नव्हतं.

कोणीतरी मंदिरातल्या एका तेलुगू काकांना फोन लावला. साठच्या दशकात आलेले. ते तासाभरात आले, खिशात एक छोटी डायरी घेऊन. कुठल्या अंत्यसंस्कारगृहात आपल्या रीतीने होऊ देतात, कुठे मुलाला स्वतः बटण दाबू देतात, कागद कुठले लागतात, भटजींचा नंबर, सगळं त्यात होतं. ते अंत्यसंस्कारगृह तीन पिढ्यांचं, एका इटालियन कुटुंबाचं. मालकाने फक्त विचारलं, तुमच्याकडे कसं करतात ते सांगा. त्याच्या आजोबांपासून प्रत्येक नव्या समाजाला तो प्रश्न त्यांनी विचारला असणार.

दहा दिवस त्या घरात चूल पेटली नाही. पाळी लावून डबे गेले, पहिल्या दिवशी अर्थात पिठलं-भात. त्या डब्यांची यादी करताना मला आजींची वही आठवली, आणि माझं उत्तर आठवून लाज वाटली.

पुढच्या महिन्यात आम्ही एक यादी केली. त्यात डायरीतले सगळे नंबर होते, कागदपत्रं होती, कोणी कोणाला फोन करायचा ते होतं. शिवाय प्रत्येक घरामागे थोडी वर्गणी, वेगळ्या खात्यात. मंडळाच्या अहवालात गणेशोत्सवाला किती डोकी होती ते दरवर्षी छापतो. हे खातं छापत नाही. पण मला विचाराल तर आम्ही समाज झालो ते त्या फेब्रुवारीत.

२०२० च्या जनगणनेच्या फॉर्मवर मी 'एशियन इंडियन' या चौकोनात खूण केली. तिथे मराठीला चौकोन नाही. डबे कोणी पोचवले, हा प्रश्नही नाही.

या शहराने मला हीच गोष्ट पुन्हा एकदा दाखवली. २००८ पासून भूतानमधून हाकललेले, नेपाळच्या छावण्यांत वर्षानुवर्षं काढलेले नेपाळीभाषक लोक इथे निर्वासित म्हणून आले. दक्षिणेकडच्या कॅरिक, ब्रेंटवुड, व्हाइटहॉल या भागात त्यांनी घरं घेतली, दुकानं थाटली. रिकाम्या होत चाललेल्या रस्त्यांवर पुन्हा दिवे लागले. एका दुकानाच्या पाटीवर देवनागरी अक्षरं पाहून माझी मुलगी गाडीत ओरडली, "बाबा, मला वाचता आलं!"

अशा निर्वासितांना मदत करणाऱ्या एका ज्यू संस्थेचा राग मनात धरून एका माणसाने २७ ऑक्टोबर २०१८ ला स्क्विरल हिलच्या ट्री ऑफ लाइफ प्रार्थनागृहात अकरा भाविकांना गोळ्या घालून मारलं. त्या कुटुंबांसाठी मुस्लिम संस्थांनी दोन लाख डॉलरहून जास्त रक्कम जमवली. मोठी रक्कम होती. पण मला त्यातही ती जुनी वहीच दिसली, कोणी गेलं तर कोण बघतं या प्रश्नाची.

२०१० ते २०२० या दशकात अ‍ॅलेगेनी काउंटीची लोकसंख्या १२,२३,३४८ वरून १२,५०,५७८ झाली. साठ सालानंतर पहिल्यांदाच एका जनगणनेहून पुढच्या जनगणनेत आकडा वर गेला. त्यात बाहेरून आलेल्यांचा वाटा मोठा. दुकान आवरा म्हणणारा सल्लागार चुकला.

गेल्या वर्षी मंदिरात एक तरुण भेटला. भूतानी-नेपाळी, इथल्याच रुग्णालयात नोकरी करणारा. त्याची आजी आजारी होती, आणि आमच्याकडे अशी यादी असते असं त्याने ऐकलं होतं. मी पाठवतो म्हटलं. घरी येऊन उघडली, तर आमची यादी अर्धी मराठीत. इंग्रजी करून देऊ का विचारलं, तर म्हणाला नको, अक्षर ओळखीचं आहे, बाकीचं आजोबा लावतील.

तर मंडळी, या आठवड्यात एक काम करा. तुमच्या गावात सगळ्यात आधी आलेले जे मराठी काका-काकू असतील त्यांना फोन करा आणि विचारा, तुमच्या वेळी कोणी गेलं तेव्हा कोण आलं होतं? जे सांगतील ते वहीत लिहून ठेवा, नावांसकट आणि तारखांसकट. आणि तुमच्या मंडळाकडे ती यादी नसेल तर करा.

पुन्हा भेटू. नमस्कार.